पॉश, न्यूज, गोल्फ… फॉरवर्डमधल्या शब्दांच्या गोष्टी खऱ्या असतात का?

फळ्याचा_कोपरा:

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते, मराठी माध्यमाची शाळा, तालुक्याचं गाव. गेली तीन वर्षं रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखते, त्यात एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून आला ते दोन ओळीत. नुसता शब्द पाठ करा म्हटलं की पोरं कंटाळतात पण मागे गोष्ट असली की वर्षभर विसरत नाहीत हा माझा अनुभव आहे, त्यामुळे हा कोपरा मला फार जवळचा आहे.

गेल्या आठवड्यात 'पॉश' लिहिला. व्हॉट्सॲपवर आलं होतं की इंग्रजांच्या काळात मुंबईला येणाऱ्या बोटींवर पैसेवाले लोक येताना डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे कारण त्या बाजूला ऊन कमी लागायचं, आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का असायचा, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. पोरांना जाम आवडलं. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी वाचनालयातली जाडजूड डिक्शनरी छातीशी धरून आली आणि शब्दावर बोट ठेवून म्हणाली, बाई इथे तर 'मूळ अनिश्चित' लिहिलंय.

तिचं कौतुक वाटलं, वर्गात केलंही. पण मनात तेच घोळत राहिलं. तीन वर्षांत असं किती काय काय मी खरं म्हणून लिहिलं असेल? वही काढून बघितली तर 'न्यूज' म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ, 'गोल्फ' म्हणजे जंटलमेन ओन्ली लेडीज फॉरबिडन, 'सॅलरी' म्हणजे रोमन सैनिकांना पगारात मिळणारं मीठ. आता सगळ्याचाच संशय यायला लागलाय.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. खरं-खोटं ओळखायचं कसं, म्हणजे शाळेत बसून, फार मोठी लायब्ररी हाताशी नसताना? आणि पोरांना रंगवून सांगता येतील अशा खऱ्या गोष्टी कोणाकडे आहेत का, शक्यतो आपल्याशी कुठेतरी धागा जुळणाऱ्या? प्लीज जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

---

जुनी_पानं:

बाई, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं, शब्दकोश उशाशी घेऊन झोपायची सवय आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

पहिली खूण सांगतो, ती एकच लक्षात ठेवली तरी निम्मी फॉरवर्डं गळून पडतील. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची टूम बऱ्यापैकी अलीकडची आहे, विसाव्या शतकातली, पहिल्या महायुद्धाच्या आसपास ती खरी पसरली. रडार, लेझर, नेटो हे खरेखुरे तसे बनलेले शब्द. त्यामुळे त्याच्या आधीपासून चालत आलेला कुठलाही शब्द कोणी आद्याक्षरं सोडवून दाखवायला लागलं की थांबायचं आणि तो शब्द पहिल्यांदा छापलेला किंवा लिहिलेला कधी सापडतो ते बघायचं. 'ओके' हा याला मोठा अपवाद. २३ मार्च १८३९ ला बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरं छापली होती, त्या काळी तिकडे ती फॅशनच होती, आणि त्या फॅशनमधला हा एकच शब्द जगभर टिकला.

आता तुमचे तीन बघू. 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी, 'न्यू'चं साधं अनेकवचन. फ्रेंचमध्ये 'नूव्हेल' म्हणायचे, त्याच धर्तीवर इंग्रजांनी केलं. जुन्या लिखाणात स्पेलिंग वेगवेगळी सापडतात, शेवटी 'ई-एस' लावलेलं असायचं, मग त्यात दिशा कुठून बसवणार? 'गोल्फ'चं तर काम फारच सोपं आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली होती कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसायचे, त्या कायद्यात हा शब्द आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी तिथे कोण आद्याक्षरं जोडत बसलं होतं? डच भाषेत काठी किंवा दांडक्याला 'कोल्फ' म्हणायचे, त्याच्याशी याचं नातं जोडतात.

'पॉश'चं जरा वेगळं आहे. या अर्थाने तो १९१४ च्या सुमारास छापील मिळायला लागतो आणि बोटीची गोष्ट छापील मिळते ती १९३० नंतर. म्हणजे शब्द आधी, गोष्ट मागाहून. ही दुसरी खूण. शिवाय ज्या कंपनीच्या बोटींबद्दल हे सांगतात त्यांचं असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणाला मिळालेलं नाही. त्याच्याआधी लंडनच्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर, सुटे पैसे, आणि तो शब्द रोमानी लोकांकडून आलेला, त्यांच्याकडे 'पॉश' म्हणजे अर्धा, अर्ध्या पेनीला लावायचे. रोमानी म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी आपल्या उत्तर भारतातून निघून युरोपात पोचलेल्या लोकांची भाषा. पैशावरून श्रीमंती असा अर्थ सरकला असेल असा एक तर्क आहे, पण कोश 'अनिश्चित' लिहितात तेच प्रामाणिक आहे आणि तुम्ही फळ्यावरही तेच लिहा. पोरांना 'अनिश्चित' हा शब्द कळला पाहिजे.

---

मीठभाकर:

सॅलरीचं राहिलं काका. ते तरी खरं आहे ना? आम्हाला कॉलेजात इतिहासाच्या सरांनी सांगितलेलं आणि मी तीस ठिकाणी सांगितलंय.

---

जुनी_पानं:

अर्धं खरं. लॅटिनमध्ये 'सालारियम' म्हणजे ठरावीक पैसे, भत्ता, आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे हे बरोबर. पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवायचे असं सांगणारा रोमन काळातला एकही लेख नाही. रोमन सैनिकाला नाणी मिळायची आणि त्याच्या पगाराला 'स्टिपेंडियम' म्हणायचे, आपल्या मेडिकलच्या पोरांचा स्टायपेंड तो तिथला. मिठाशी नातं नक्की कसं आलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, बाकीचं लोकांनी नंतर भरलं.

पण तुम्हाला मीठ सोडवत नसेल तर पोरांना आपला 'पगार' सांगा की. तो पोर्तुगीजांकडून आलाय, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. बटाटा, साबण, चावी, पाव, घमेलं हे सगळे त्याच बोटीतून उतरलेले. आणि हा पोर्तुगीज 'पागार' ज्या लॅटिन शब्दातून आला, 'पाकारे', त्याच शब्दातून फ्रेंचमार्गे इंग्रजी 'पे' आला. त्याचा मूळ अर्थ शांत करणं, समजूत घालणं. 'पीस' म्हणजे शांती त्याच घरातला. ज्याचं देणं आहे त्याला पैसे देऊन शांत करणं, तो 'पे' आणि तोच पगार. हे लक्षात आलं तेव्हा मी कामाचा कागद बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

---

कॅम्परोडवाला:

धागा जुळणारी गोष्ट पाहिजे ना ताई, मग आमच्या गावचीच घ्या. मी देवळालीचा. नाशिक रोड सोडलं की पुढचं स्टेशन. इंग्लंडमध्ये आजही एखाद्याचं डोकं फिरलं की म्हणतात तो 'डूलाली' झाला. डूलाली म्हणजे देवळाली. आमचं गाव. इंग्रजांच्या तोंडी देवळालीचं डूलाली झालं.

झालं असं की १८६१ च्या सुमारास इथे गोऱ्या सोल्जरांची छावणी झाली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले सोल्जर वेगवेगळ्या पलटणीतून इथे आणून ठेवायचे आणि मग मुंबईहून बोटीने घरी पाठवायचे. पण सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच चालायच्या. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये भरली की तो इथे थेट दिवाळीपर्यंत अडकला. काम नाही, बंदूक काढून घेतलेली, घरच्या वाटेवर असून घरी जाता येत नाही, वरून एप्रिल-मेचं ऊन आणि मग चार महिने पाऊस. कोणी दारूत बुडालं, कोणाला मलेरिया, कोणाचं खरंच मनावर गेलं. त्याला ते म्हणायचे 'डूलाली टॅप'. आता हा टॅप म्हणजे नळ नाही बरं का, तो आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे ताप गळून गेला आणि नुसतं डूलाली उरलं.

आमचे पणजोबा छावणीत दूध घालायचे. आजी सांगायची की ते भल्या पहाटे कासंडी घेऊन जायचे तेव्हा एक गोरा रोज बराकीच्या पायरीवर बसलेला असायचा आणि यांना बघितलं की बोटाने हवेत बोट काढून दाखवायचा, लाटा काढायचा, आणि खांदे उडवून विचारायचा कधी. पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण तो काय विचारतोय ते कळायला भाषा लागत नव्हती असं आजी म्हणायची. म्हणून मला हा शब्द चेष्टेचा वाटत नाही. मुलांना सांगाल तर तेही सांगा, की हा शब्द घरची वाट बघणाऱ्या माणसांवरून आलाय.

---

फळ्याचा_कोपरा:

दादा, काटा आला वाचताना. ही मी नुसती कोपऱ्यात लिहिणार नाही, एक अख्खा तास यावर घेणार. ताप शब्द तिकडे जाऊन टॅप झाला हे पोरांना भारी वाटेल. मराठीतून इंग्रजीत गेलेले अजून आहेत का?

---

रानवाटा:

आहेत ना. माझा आवडता म्हणजे 'मंगूज'. इंग्रजी डिक्शनरी उघडून बघा, मूळ म्हणून सरळ 'मराठी : मुंगूस' असं लिहिलेलं असतं. कन्नड-तेलुगूतही मुंगुसीसारखेच शब्द आहेत, म्हणजे दख्खनभरचं हे नाव, पण इंग्रजांच्या कानावर ते आपल्या किनाऱ्यावर पडलं असणार, मध्ये पोर्तुगीजही होतेच. ऐकल्यावर शेवटचा भाग त्यांना 'गूज' म्हणजे हंसासारखा लागला म्हणून स्पेलिंग तसं झालं, त्या प्राण्याचा बदकाहंसाशी काही संबंध नाही. आणि म्हणूनच याचं अनेकवचन 'मंगीज' होत नाही, 'मंगूजेस' होतं. माझ्या भाचीला परीक्षेत हे विचारलं होतं आणि तिने मंगीज लिहिलं, मी तिला म्हटलं की हा शब्द आपला आहे, आपण म्हणतो एक मुंगूस, दोन मुंगसं, त्यात गूज नाहीच, मग गीज कुठून येणार? त्यानंतर परत चुकली नाही.

दुसरा 'डंगरीज'. तो जाड कापडाचा ड्रेस, पुढे खिसा आणि खांद्यावर पट्टे. मुंबईतल्या डोंगरीच्या आसपास एक स्वस्त जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं, त्याला डोंगरी म्हणायचे, ते सतराव्या शतकापासून इंग्रजीत 'डंगरी' म्हणून सापडतं. शिडं शिवायला, खलाशांच्या कामाच्या कपड्यांना ते वापरायचे. मग कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. आता तेच पोरंबाळं मॉलमधून हजार-दोन हजाराला घेतात.

असे शब्द शोधायला 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा १८८६ चा कोश आहे, यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला, नेटवर फुकट वाचता येतो. हे नावसुद्धा आपल्याकडचंच, मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसेन' गोऱ्या सोल्जरांना तसं ऐकू यायचं.

---

अनुस्वार:

मी भाषाशास्त्र शिकलेय म्हणून थोडं वेगळं काहीतरी सांगते. इंग्रजीने आपल्याकडून घेतलेले शब्द छानच आहेत पण त्याहून मला जास्त आवडतात ते असे, जिथे कोणी कोणाकडून काही घेतलेलं नाही, पण दोन गावच्या माणसांनी एकाच गोष्टीकडे बघून जवळजवळ सारखंच काहीतरी म्हटलं.

'मसल' घ्या. लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी सुळ्ळकन वर सरकतं, ते रोमन लोकांना उंदराचं पिल्लू वाटलं. ग्रीकमध्येही उंदराला आणि स्नायूला एकच शब्द होता. आणि आपण लहानपणी बाही वर करून काय दाखवतो? बेडकुळी! कोणी बेटकुळी म्हणतं, पण आत आहे तो बेडूकच. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला, फरक तेवढाच. वर्गात पोरांना आधी बेडकुळी काढून दाखवायला सांगा आणि मग शब्द लिहा. (इंग्रजी 'माउस' आणि आपला 'मूषक' हे मात्र खरोखर एका मुळातले, तो योगायोग नाही.)

दुसरा 'विंडो'. हा तर मला इतका आवडतो की कितीदा सांगितला तरी मन भरत नाही. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या भाषेत खिडकीला 'विंडाउगा' म्हणायचे. 'विंड' म्हणजे वारा आणि 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. काच नव्हती तेव्हा, भिंतीला किंवा छपराला नुसतं भोक, त्यातून वारा आत येणार आणि चुलीचा धूर बाहेर जाणार. त्याच्याआधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता 'डोळ्याचं भोक' अशा अर्थाचा, तो व्हायकिंगांच्या शब्दापुढे टिकला नाही. पण त्यातला भोकाचा तुकडा अजून 'नॉस्ट्रिल'मध्ये लपून बसलाय, नॉस्ट्रिल म्हणजे नाकाचं भोक.

आता आपल्याकडे बघा. खिडकीला संस्कृतात दोन शब्द. एक 'वातायन', वाऱ्याची वाट. दुसरा 'गवाक्ष', गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. म्हणजे वारा एका शब्दात आहे आणि डोळा दुसऱ्यात, दोन्ही मिळून विंडो पुरा होतो! आणि 'विंड' आणि 'वात' हे जुने सख्खे आहेत, 'आय' आणि 'अक्षि' पण. पोरांची सहल कधी भाजे किंवा कार्ल्याला गेली तर चैत्याच्या दर्शनी भागावर तो मोठा नालाच्या आकाराचा झरोका आहे ना, त्यालाच गवाक्ष म्हणतात. भाज्याला पायऱ्या चढून दमून वर पोचलं की एकदम समोर तो येतो. उन्हं आत शिरलेली असतात आणि खरंच असं वाटतं की डोंगराने डोळा उघडलाय. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला हा शब्द माहीत होता पण कळला तो तिथे.

---

लिफीकाठी:

मी डब्लिनला नर्स आहे, मूळ सांगलीकडची. इथल्या मातीतला एक शब्द सांगते, 'बॉयकॉट'. आपण बहिष्कार म्हणतो. हे चक्क एका माणसाचं आडनाव आहे, आणि ही गोष्ट फॉरवर्डमधली नाही, तारखांसकट नोंदलेली आहे.

१८८० चं आयर्लंड. जमीन मोठ्या लॉर्ड लोकांची, कसणारे सगळे कुळं. मेयो परगण्यात लॉख मास्क तळ्याकाठी लॉर्ड अर्न याची जमीन, त्याचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पिकं बुडाली होती, कुळांनी खंडात सूट मागितली, पुरेशी मिळाली नाही आणि बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात पार्नेल नावाच्या पुढाऱ्याने भाषणात सांगितलं होतं की बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याला एकटं पाडा. लोकांनी बॉयकॉटच्या बाबतीत तसंच केलं. शेतावरचे मजूर निघून गेले, दुकानदार माल देईना, लोहार घोड्याला नाल ठोकेना, कपडे धुणारी येईना, टपाल आणणारा पोऱ्यासुद्धा थांबला. कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, फक्त कोणी त्याचं काही केलं नाही.

उभं पीक काढायला शेवटी उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैन्य. पीक पाचशे पौंडाचं, खर्च दहा हजार पौंडांच्या घरात. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. आणि त्याचं आडनाव तेवढ्या अडीच-तीन महिन्यांत क्रियापद होऊन वर्तमानपत्रात आलंसुद्धा. शब्द कसा ठरला त्याचं पण सांगतात, तिथले फादर ओमॅली आणि एक अमेरिकन पत्रकार बोलत होते, पत्रकार म्हणाला याला 'ऑस्ट्रसिझम' म्हणावं का, फादर म्हणाले आमच्या शेतकऱ्यांना तो शब्द कळणार नाही, त्यापेक्षा सरळ बॉयकॉटच म्हणू.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या तळ्याकाठी जाऊन आले. दगडी गडगे, त्यात मेंढ्या, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. एवढ्याशा जागेतून निघालेला शब्द फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, जपानीत पण गेला.

पण एक गोष्ट मला टोचते, ती मुलांना सांगायलाच हवी असं वाटतं. आपल्याकडे 'वाळीत टाकणं' फार आधीपासून आहे आणि ते वरच्यांनी खालच्यांना, पंचांनी एखाद्या कुटुंबाला टाकलेलं असायचं. इथे उलटं, खालच्यांनी एक होऊन वरच्याला टाकलं. कृती तीच, दिशा वेगळी. माझ्या माहेरच्या शेजारच्या एका घराने दोन पिढ्या ते सोसलंय, पाणी भरायलाही मैलभर लांब जावं लागायचं. महाराष्ट्रात २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तेव्हा त्या आजींनी मला इथे फोन केला होता. तेव्हा शब्द शिकवताना कोण कोणाला टाकतंय तेही विचारायला शिकवा ताई.

---

अनुस्वार:

लिफीकाठी, फार महत्त्वाचं लिहिलंस. आणि फादरना जो अवघड वाटला तो 'ऑस्ट्रसिझम' पण सोडू नका बाई. ग्रीकमध्ये 'ओस्ट्राकॉन' म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून मत द्यायचे, पुरेशी मतं पडली की त्या माणसाला दहा वर्षं शहराबाहेर. ते तुकडे उत्खननात हजारोंनी सापडलेत, नावं वाचता येतात. आपल्याकडे एखाद्यावर सगळा दोष ढकलला की काय म्हणतात? त्याच्या डोक्यावर खापर फोडलं. नातं काही नाही या दोघांत, पण वर्गात एक फुटकी कुंडी घेऊन गेलात तर दोन्ही भाषा एकदम शिकवून होतील.

---

फळ्याचा_कोपरा:

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. काल कोपऱ्यात आधी 'पॉश' परत लिहिला, पुढे 'मूळ अनिश्चित', आणि मागच्या आठवड्यातलं चुकलं होतं हे वर्गाला सांगितलं. मग 'विंडो'. वाऱ्याचा डोळा म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो उठून वर्गाची खिडकी सताड उघडून आला आणि म्हणाला बाई आता डोळा उघडा. मसलच्या वेळी सगळा वर्ग बाह्या वर करून बसला होता, मुलीसुद्धा.

त्या डिक्शनरीवाल्या मुलीने आता नवीन प्रश्न आणलाय. शाळेच्या मॅचमध्ये ती स्कोअर लिहिते, म्हणते 'अंपायर' कुठून आला? एम्पायर म्हणजे साम्राज्य, त्याच्याशी संबंध आहे का? मी तिला म्हटलं दोन दिवस दे, आधी विचारते.

---

जुनी_पानं:

साम्राज्याशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर', 'नॉन' म्हणजे नाही आणि 'पेर' म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. तो इंग्रजीत 'नूंपेर' झाला, साधारण सहाशे वर्षांपूर्वी. दोघांचं भांडण, आणि हा त्या जोडीतला नव्हे. त्याच्याआधी 'अ' लावून 'अ नूंपेर' म्हणताना 'न' इकडचा तिकडे सरकला आणि लोक 'ॲन ऊंपेर' ऐकायला लागले. 'एप्रन'चंही असंच, तो आधी 'नेप्रन' होता, 'नॅपकिन'चा भाऊ. नॅपकिनचा 'न' राहिला, एप्रनचा गेला. तिला म्हणावं 'अ नेप्रन, ॲन एप्रन' असं दहा वेळा भरभर म्हणून बघ, कुठे सरकतो ते जिभेला कळेल.

आणि बाई, चौकटीत 'अंपायर' लिहाल तेव्हा शेजारी 'तिऱ्हाईत' लिहा. दोघांच्या भांडणात जो दोघांपैकी कोणाचाच नाही, तिसरा, तो तिऱ्हाईत. फ्रेंचांनी जोडीबाहेरचा म्हटलं, आपण तिसरा म्हटलं. ती स्कोअर लिहिते ना, तिला हे लगेच समजेल.